हवेची चोरवाट

विद्यार्थी मित्रहो, रोग्याची नाडी पाहणारा वैद्य आणि बिघडलेलें यंत्र तपासणारा कारागीर ह्या दोघांचें काम आपणांस वाटतें तितकें भिन्न नाहीं. दोघांसही बाहेरच्या लक्षणांवरून आंतील कारण शोधावयाचें असतें. आणि दोघांपैकीं कोणीही घाई केली, तर तिचा भुर्दंड तिसऱ्यासच भरावा लागतो. ह्या लेखांत आम्ही एका जुन्या गाडीच्या दुखण्याची हकीकत सांगणार आहों. तींत पदार्थविज्ञानाचे दोन साधे नियम आहेत, आमच्या हातून झालेली एक चूकही आहे. आणि कोणत्याही विषयांत उपयोगी पडेल अशी विचाराची एक रीत आहे.

आमचे मामा बरींच वर्षें जर्मनींत दानूब नदीच्या कांठीं, उल्म शहराजवळ राहतात. त्यांच्यापाशीं एक जुनें मोटारघर आहे. मोटारघर म्हणजे निजावयास बाक, रांधावयास चूल, पाण्याची टाकी व कपाटें आंत बसविलेली गाडी. चाकांवरचें बिऱ्हाडच म्हणा ना. 1986 सालीं तयार झालेली ही मर्सिडीझ 207 डी जातीची गाडी घेऊन मामा व मामी ह्यांनीं आल्प्स पर्वताच्या घाटांपासून उत्तर समुद्राच्या वाळूपर्यंत पुष्कळ प्रवास केला होता. मामी 2021 सालीं वारल्या. 2023 सालच्या ऑक्टोबर महिन्यांत आम्ही तेथें गेलों, तेव्हां गाडी अंगणांत उभी होती आणि ती मोडींत घालण्याविषयींचें बोलणें जवळजवळ पुरें झालें होतें. मामा म्हणाले, “इंजिन थकलें आहे रे तिचें. वय झालें. आतां ओढाताण कशाला?”

आम्हीं विचारलें, “थकलें म्हणजे नेमकें काय होतें?” हा प्रश्न क्षुल्लक दिसतो, परंतु ‘थकलें’, ‘बिघडलें’, ‘गेलें’ हे निकाल आहेत, लक्षणें नव्हेत, आणि लक्षणें ऐकल्याशिवाय निकाल मान्य करूं नये. मामांनीं सांगितलें तें असें : सकाळीं स्टार्टर फिरविला, कीं इंजिन लगेच पेट घेई, चार-पांच सेकंद धडधडे आणि बंद पडे. त्यानंतर कितीही फिरविलें तरी चालू होण्याचें नांव नाहीं. बॅटरी थकत आली म्हणजे केव्हांतरी पुन्हां पेट घेई. आणि एकदां चालू झालें, कीं दिवसभर कांहीं तक्रार नसे. दुपारीं तासभर थांबून पुन्हां किल्ली फिरविली तर पहिल्याच झटक्यास चालू. एका दुरुस्तीच्या दुकानीं प्रथम चारही हीटर प्लग नवे बसविले, मग बॅटरी बदलली, आणि दोन्हींनीं गुण येईना तेव्हां सिलिंडर झिजल्याचा निर्वाळा दिला.

आतां हें इंजिन पेट कसें घेतें तें पाहूं. रुडॉल्फ डिझेल ह्यानें जर्मनींतील आउग्सबुर्ग शहरीं जें इंजिन 1897 सालीं यशस्वी करून दाखविलें, त्यांत ठिणगी नाहीं. सिलिंडरांत केवळ हवा घेऊन दट्ट्यानें ती अत्यंत दाबावयाची. दाबल्यानें ती तापते, आणि त्या तप्त हवेंत इंधनाचा बारीक फवारा सोडला, कीं तो आपोआप पेटतो. सायकलींत हवा भरतांना पंपाचें खालचें टोक हातास ऊन लागतें, तोच हा नियम. मामांच्या गाडींतील इंजिनांत हवा मूळच्या सुमारें एकविसाव्या हिश्शाइतकी दाबली जाते. थंड इंजिनास पहिल्या पेटीसाठीं मदत व्हावी म्हणून प्रत्येक सिलिंडरामागें एक विजेनें तापणारा हीटर प्लग असतो.

ह्यावरून चालू होण्यास चार गोष्टी अवश्य ठरतात : इंजिन पुरेशा वेगानें फिरलें पाहिजे, हवा पुरेशी दाबली गेली पाहिजे, आरंभीं उष्णता मिळाली पाहिजे, आणि इंधन वेळेवर पोंचलें पाहिजे. ह्यांपैकीं पहिल्या तीन गोष्टी त्या गाडींत होत्या, हें लक्षणेंच सांगत होतीं. इंजिन सकाळीं पहिल्या क्षणीं पेट घेत होतें. ज्याचे सिलिंडर झिजले किंवा प्लग मेले, तें थंड असतां असा चटकन पेट घेणार नाहीं. कष्टानें, धूर ओकीत, अडखळत चालू होईल. तेव्हां राहिलें इंधन.

येथें धुराड्याची साक्ष फार मोलाची असते. इंधन सिलिंडरांत पोंचत असून पेटत नसेल, तर स्टार्टर फिरत असतां मागील नळींतून पांढरा धूर येतो; तो न जळलेल्या डिझेलचा असतो. धूर मुळींच नसेल, तर इंधनच पोंचत नाहीं असें समजावें. दुसऱ्या दिवशीं सकाळीं आम्ही गाडीमागें उभे राहिलों. इंजिन धडधडून बंद पडलें. त्यानंतर मामा दहा दहा सेकंद स्टार्टर फिरवीत व मध्यें त्यास विसांवा देत होते, पण धुराड्यांतून धुराची रेघसुद्धां आली नाहीं. इंजिन थकलें नव्हतें. तें उपाशी होतें.

तें रात्रीं उपाशी कां पडावें? कोणी म्हणेल, थंडीमुळें. कडक थंडींत डिझेलमधील मेणासारखा अंश गोठून गाळणी बुजते, हें खरें. परंतु त्या सकाळीं तपमान चार अंश होतें, आणि एवढ्यावर डिझेल गोठत नाहीं. शिवाय ‘थंडी’ आणि ‘थांबणें’ हीं दोन कारणें रात्रीं एकत्र येतात, म्हणून तीं निराळीं करून पाहिलीं पाहिजेत. शेजाऱ्याच्या उबदार गोदामांत गाडी एक रात्र ठेवली. सकाळीं तोच प्रकार. म्हणजे दोष थंडीचा नसून दीर्घकाळ थांबण्याचा होता. थंडीनें जुनें रबर आखडतें व दोष वाढतो, एवढाच तिचा वांटा.

आतां तुम्हीं घरीं एक प्रयोग करा. पेल्यांतील पाण्यांत एक सरळ नळी बुडवा, वरचें तोंड बोटानें घट्ट दाबा आणि नळी वर उचला. पाणी नळींतच राहतें. बोट किंचित् सैल करा. पाणी खालीं उतरतें. पाण्यास खालून वातावरणाचा दाब उचलून धरीत होता. वरून हवेस वाट मिळतांच दोन्ही बाजूंचे दाब सारखे झाले आणि पाणी आपल्या वजनानें पडलें. गाडींतही हेंच आहे. डिझेलची टाकी गाडीच्या पोटाखालीं असते व पंप वर इंजिनापाशीं. इंजिन बंद केल्यावर नळींतील डिझेल वरच राहावें अशी योजना असते. वातावरणाचा दाब डिझेलचा सुमारें 12 मीटर उंचीचा स्तंभ पेलूं शकतो. टाकी व पंप ह्यांतील अंतर अर्ध्या मीटरच्या आसपास. परंतु मधल्या नळींत कोठें केंसाएवढी भेग असली, कीं सैल बोटाप्रमाणें तिच्यांतून हवा शिरते आणि रात्रभरांत डिझेल टाकींत उतरून जातें. सकाळीं पंपाच्या पोटांत उरलेल्या थेंबांवर इंजिन चार सेकंद चालतें. मागून येते ती नुसती हवा.

हवा आली तर काय बिघडलें? ह्यासाठीं दुसरा प्रयोग. बिनसुईची एक पिचकारी घ्या. तींत पाणी भरून तोंड बोटानें बंद करा व दट्ट्या दाबा. तो हलणार नाहीं. आतां पाण्याऐवजीं हवा ठेवा. दट्ट्या सहज आंत जाईल. डिझेलचा फवारा सोडणारें तोंड, ज्यास आपल्याकडील मिस्त्री नोझल म्हणतात, तें ह्या इंजिनांत वातावरणाच्या सुमारें 115 ते 125 पट दाब झाल्याशिवाय उघडत नाहीं. पंपांत हवा असली, तर पंपाची सारी धांव ती हवा चेपण्यांतच खर्च होते, आणि नोझल बंदच राहतें.

हें चोरछिद्र सांपडणें अवघड कां, तेंही ध्यानांत घ्या. पाण्याच्या नळास भोंक पडलें तर पाणी ठिबकतें, कारण आंतील दाब बाहेरच्याहून अधिक असतो. टाकी व पंप ह्यांमधील नळी मात्र ओढीची आहे; इंजिन चालतांना तिच्या आंत दाब वातावरणाहून कमी असतो. म्हणून तेथून डिझेल बाहेर येत नाहीं, हवा आंत जाते. खालची जमीन कोरडी, नळी कोरडी. डोळ्यांस कांहीं दिसत नाहीं. इंजिन चालू असतां शिरणारे थोडे बुडबुडे गाळणीवरून परतीच्या नळीनें टाकींत निघून जातात, म्हणून दिवसा दोष झांकलेला राहतो.

आमचा तर्क खरा कीं खोटा हें पाहण्याची पहिली कसोटी फुकट होती. इंजेक्शन पंपाच्या कुशीस एक लहान हातपंप असतो. तिसऱ्या दिवशीं सकाळीं स्टार्टरास हात लावण्यापूर्वीं आम्हीं तो पुष्कळ वेळां दाबला. आरंभीं तो पोकळ लागला, मग जड झाला. मामांनीं किल्ली फिरविली आणि इंजिन चालू झालें तें बंद पडलेंच नाहीं. मामा कांहीं बोलले नाहींत. पण भंगारवाल्यास त्यांनीं त्या दुपारीं ‘आठवडाभर थांबा’ असा निरोप धाडला.

परंतु ‘हवा शिरते’ एवढें कळणें म्हणजे ‘कोठून शिरते’ हें कळणें नव्हे. संशयित पुष्कळ होते : टाकीवरील रबरी नळी, पारदर्शक लहान गाळणी, हातपंप, मोठ्या गाळणीचें रबरी कडें, तांब्याचे वॉशर, नोझलांवरून परत जाणाऱ्या विणीच्या बारीक नळ्या. हे सर्व भाग एकदम नवे घालतां आले असते. पण मग कारण कळलें नसतें, आणि खरें छिद्र ह्या यादीबाहेर असतें तर पैसे जाऊन दोष मात्र तसाच राहिला असता.

म्हणून वाट दोन भागांत तोडावयाची असें ठरलें. गाडीची टाकी वगळून डिझेलचा एक स्वच्छ डबा थेट पंपास जोडावयाचा. परतीची नळीही त्याच डब्यांत सोडावयाची. सकाळीं गाडी चालू झाली तर पंप व त्यापुढील भाग निर्दोष, आणि दोष मागें टाकीकडे. येथेंच आम्ही चुकलों. डबा ठेवण्यास सोयीचें म्हणून तो आम्हीं इंजिनाच्या वरच्या बाजूस बांधला. सकाळीं गाडी तत्काळ चालू झाली आणि आम्ही आनंदानें टाळ्या पिटल्या. मग चहा घेतांना आमच्या ध्यानांत आलें, कीं डबा उंच असल्यामुळें डिझेल आपल्याच वजनानें पंपाकडे उतरत होतें. पंपापाशीं छिद्र असतें तरी गाडी चालू झालीच असती! उतारावर तोंड खालीं करून गाडी उभी केली असतां कित्येकदां असा दोष दिसेनासा होतो, त्याचेंही कारण हेंच. ज्या प्रयोगाचें उत्तर दोन्ही परिस्थितींत एकच येणार, तो प्रयोग कांहींच सांगत नाहीं. टाळ्या मागें घेऊन आम्हीं डबा खालीं, टाकीच्या पातळीस ठेवला आणि आणखी एक रात्र वाट पाहिली. सकाळीं गाडी पुन्हां पहिल्याच झटक्यास चालू झाली. आतां पुरावा खरा होता : पंप, हातपंप, मोठी गाळणी व परतीच्या नळ्या निर्दोष.

पुढच्या रात्रीं डबा त्याच पातळीवर ठेवून टाकीपाशीं असलेल्या नळीच्या टोकास जोडला. म्हणजे सगळी लांब नळी पुन्हां वाटेंत आली, फक्त टाकी वगळली गेली. सकाळीं इंजिन चार सेकंद धडधडलें आणि बंद पडलें. इतक्या आनंदानें बंद पडलेलें इंजिन आम्हीं दुसरें पाहिलें नाहीं! दोष आतां टाकी व पंप ह्यांमधल्या नळींत कोंडला गेला होता.

आम्ही गाडी पक्क्या ठोकळ्यांवर घेऊन खालीं शिरलों. नळीच्या मध्यावर एक तीन तोंडांचा सांधा होता. त्याचा एक फांटा गाडींतील डिझेलवर चालणाऱ्या शेगडीकडे गेला होता. मूळच्या गाडींत असा सांधा नसतो. मामा थोडा वेळ तिकडे पाहत राहिले. मग म्हणाले, “हा मीच घातला. शेवटच्या दोन हिवाळ्यांत तिला थंडी सोसत नसे. रात्रीं गाडी उबदार राहावी म्हणून.”

सांधा काढला. त्यावरील रबर लांकडासारखें कडक झालें होतें. सायकलचें पंक्चर जसें काढतात तसेंच आम्हीं केलें : दोन तोंडें बुचांनीं बंद केलीं, तिसऱ्यास सायकलचा पंप लावून अगदीं हलकी हवा भरली आणि सांधा बादलींतील पाण्यांत धरला. शेगडीच्या फांट्याच्या मुळाशीं मोहरीएवढे बुडबुडे एकामागून एक वर येऊं लागले. चोरवाट सांपडली. त्या जागीं नवी अखंड नळी घातली. शेगडीस टाकींतून स्वतंत्र नळी काढून दिली, आणि तीच योग्य रीत होय. त्यानंतर आठ दिवस रोज सकाळीं गाडी पहिल्या झटक्यास चालू झाली. खर्च हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या नाण्यांचा. चार हीटर प्लग व बॅटरी ह्यांच्या तुलनेनें नगण्य.

हें सारें दूरदेशचें म्हणून सोडून देऊं नका. त्या गाडींतील ओएम 616 ह्या जातीचें इंजिन पुण्याजवळ आकुर्डीस बजाज टेंपो कंपनीनेंही परवान्यानें तयार केलें व आपल्या ट्रॅक्स आणि ट्रॅव्हलर गाड्यांत घातलें; 2005 सालीं त्या कंपनीचें नांव फोर्स मोटर्स झालें. ‘गाडी एअर घेते’ हें आपल्या मिस्त्रीलोकांचें वाक्य तुमच्यापैकीं पुष्कळांनीं ऐकलें असेल. शेतावरच्या ट्रॅक्टरचें डिझेल संपून टाकी कोरडी पडली, म्हणजे नुसतें डिझेल ओतून तो चालत नाहीं. गाळणीवरील लहान स्क्रू सैल करून, बुडबुडे थांबून अखंड धार लागेपर्यंत हातपंप मारावा लागतो, आणि मग स्क्रू आवळावा लागतो. ह्याचें कारण आतां तुम्हांस कोणी सांगावयास नको.

वडील मंडळींसाठीं दोन शब्द. मुलांस असें काम पाहूं द्यावें, करूंही द्यावें. मात्र जवळ उभें राहून. डिझेल हाताळतांना विस्तव दूर असावा व सांडलेलें लगेच पुसून घ्यावें. गाडीखालीं केवळ जॅकच्या भरंवशावर कोणीही जाऊं नये. चालत्या इंजिनाच्या नोझलापाशीं किंवा तेथील नळीपाशीं हात नेऊं नये. त्या फवाऱ्याचा जोर इतका असतो, कीं डिझेल कातडी भेदून आंत शिरतें, आणि जखम टिंबाएवढी दिसली तरी ताबडतोब डॉक्टर गांठावा लागतो. हीटर प्लग असलेल्या इंजिनांत ईथरचा फवारा मारून तें चालू करण्याचा मोह तर कटाक्षानें टाळावा. त्यानें स्फोट होऊन इंजिन फुटतें.

शेवटीं, मित्रहो, ह्या हकीकतींतून काय घ्यावयाचें? निकाल ऐकण्यापूर्वीं लक्षणें विचारा. दोन कारणें एकत्र दिसलीं तर तीं निराळीं करा. वाट अर्ध्यावर तोडून दोष कोणत्या अर्ध्यांत आहे तें पाहा, आणि त्या अर्ध्याचाही पुन्हां अर्धा करा. प्रयोग मनाजोगा आला तरी, तो उलट येणें शक्य होतें काय, हें स्वतःस विचारा. गणितांत उत्तर चुकल्यावर सगळें पान खोडून टाकणारा मुलगा, आणि कोणत्या पायरीवर चुकलें तें शोधणारा मुलगा, ह्यांत जो भेद आहे तोच येथेंही आहे.

मामांनीं जुना सांधा फेंकून दिला नाहीं. पुसून आपल्या टेबलावर ठेवला आहे. त्या डिसेंबरांत त्यांचें पत्र आलें, तें उत्तर समुद्राच्या किनाऱ्यावरून लिहिलेलें होतें. बाहेर बर्फ आहे, आंत शेगडी पेटली आहे, आणि सकाळीं गाडी एका झटक्यास चालू होते, एवढाच त्यांत मजकूर होता.